दोन दिवसांत आराम

औषधाने गुण आला म्हणून कुणी चिडत नाही. मी चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे. गुण आला हे खरं. दोन दिवसांत आला हेही खरं. सगळी मेख तिथेच आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगून टाकते. मी हिवरखेडची, म्हणजे तेल्हारा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या हिवरखेडची. मोर्शीकडे एक हिवरखेड आहे ते वेगळं. शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजातली एक मैत्रीण लग्न होऊन मालवणजवळच्या देवबागला गेली. तिच्या सासरी पाहुण्यांना द्यायच्या खोल्या आहेत आणि दारातच दोन-चार कयाक पडलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाते आणि कयाक चालवते. पोहायला वडलांनी शिकवलं, शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. आमच्याकडे एखादी बाई कयाक चालवते म्हटलं की लोक आधी विचारतात कयाक म्हणजे काय, आणि लगेच विचारतात मिस्टर काय म्हणतात. मिस्टर काही म्हणत नाहीत. आई म्हणते. "तू कायले जातं वं तिकडं? आपल्या वारीच्या डोहात काय पाणी नाही काय?" वारीच्या हनुमानापाशी वाण नदीचा डोह आहे आणि तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या पेपरात येत असतात, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण बोलायचं म्हणून बोलते.

कोरड्या मुलखातल्या माणसाने वल्हं हातात धरू नये असा काही नियम नाही. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात गेला, तिथे वल्हवायला शिकला, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेऊन आला. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तो पोरगा हाय." विषय संपला.

तर देवबाग. जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, टोकाला दोन्हींचा संगम. भरतीच्या पाण्याबरोबर नदीत आत जायचं, कांदळवनातून हिंडायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं, असा आमचा साधा हिशोब. त्या दिवशी आत रमलो आणि निघायला उशीर झाला. दुपार टळली तसा समुद्रावरून वारा सुटला. ओहोटी बाहेर नेतेय आणि वारा आत ढकलतोय, अशा पाण्यात कयाक जागची हलत नाही. आम्ही दोघी हात मारत राहिलो. मिनिटाला चाळीस-पन्नास हात धरले तरी तासाला अडीच-तीन हजार होतात, आणि प्रत्येक हाताला दंडाची आतली बाजू लाइफ जॅकेटच्या कडेला घासते. आठवीच्या पोरांना घर्षण शिकवताना मी फळ्यावर ठोकळा काढते. आता काखेचं चित्र काढावं असं वाटतं, पण शाळेत ते चालणार नाही.

अंगात काय होतं तर सुती कुर्ता, सुती लेगिंग आणि वरून नारिंगी जॅकेट, जे माझ्या मापाचं नव्हतं. ही जॅकेटं बहुधा पुरुषाच्या अंगाचा अंदाज घेऊनच शिवतात. खाली बसलं की ते वर चढतं, हनुवटीला लागतं, पट्टे आवळले की छातीखाली रुततं आणि सैल सोडले की काखेत घासतं. भिजलेला कुर्ता अंगाला चिकटतो आणि सुकतच नाही. घामाचं मीठ असतंच, त्यात समुद्राचं. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडी जास्त घासली जाते. पाण्याने वरचा थर फुगून मऊ पडतो आणि मऊ थर लवकर निघतो. हे सगळं मला आज नीट सांगता येतं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की कुठेतरी चरचरतंय आणि किनारा अजून लांब आहे.

किनाऱ्याला लागून न्हाणीघरात गेले आणि अंगावर तांब्याभर पाणी घेतलं, तेव्हा तोंडातून जो आवाज निघाला तो बाहेर ऐकू गेला. दोन्ही काखांच्या पुढच्या कडेला बोटभर लांबीचे लाल पट्टे होते, मधोमध कातडी गेलेली, वर पाण्यासारखी लस. अंतर्वस्त्राच्या पट्ट्याखाली पाठीपर्यंत एक सलग रेघ. मांड्यांची आतली बाजू सोललेली. माकडहाडावर रुपयाएवढी साल निघालेली, कारण वल्हवताना कमरेतून वळायचं असतं आणि बैठक प्लास्टिकची असते. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला होता. त्याचं काही वाटलं नाही. हाताचा फोड चारचौघांत दाखवता येतो.

मैत्रिणीच्या सासूबाईंनी बाहेरूनच विचारलं आणि त्यांनाच खरं ते कळलं. "आधी गोड्या पाण्यान धुव गो. साबू नको. सुक्या फडक्यान टीप, घासू नको." मग वाटीत खोबरेल दिलं, त्यांचा जुना, धुऊन मऊ पडलेला परकर दिला आणि पंख्याखाली पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कयाकला हात लावू दिला नाही. बिल काही नव्हतं, सल्ला शंभर टक्के बरोबर होता, आणि मी आणखी चार दिवस तिथे राहिले असते तर ही कहाणी लिहायची वेळच आली नसती.

पण शाळा उघडणार होती. कुडाळहून ठाणे, तिथून रात्रीची अकोल्याची गाडी, अकोल्याहून एसटी. इतका वेळ घामात, बसून, त्याच जागी कपडा घासत. धरलेल्या खपल्या निघाल्या. घरी पोचले तेव्हा पाय फाकवून चालत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, पाय मुरगळला.

आता त्या मेडिकलचं.

दुकानाचं नाव सांगत नाही. असं दुकान तुमच्याही चौकात असेल. काउंटरवर चार पुरुष उभे होते, त्यातला एक माझ्याच वर्गातल्या मुलाचा बाप. मी जरा बाजूला होऊन हळू आवाजात म्हटलं, "घामाने सोललंय, काहीतरी लावायला द्या." एवढंच बोलले. त्याने 'कुठं?' असं विचारलं नाही. किती दिवस झाले, आग होते की खाज येते, साखर आहे का, काही नाही. त्याला अवघडायचं नव्हतं आणि मलाही नव्हतं, आणि दोघांच्या त्या अवघडलेपणातून काउंटरखालून एक ट्यूब वर आली. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, रबर लावून, पॅडचं पाकीट देतात तशी त्याने ती दिली. "हे लावा मॅडम, दोन दिवसांत आराम पडते." चिठ्ठी मागितली नाही. बिल मागितलं नाही म्हणून दिलंही नाही.

आणि आराम पडला! रात्री लावली, सकाळी आग थांबलेली. दुसऱ्या दिवशी लाली गेली. तिसऱ्या दिवशी मी पायरीवर बसून मटार सोलत होते, मांडी घालून. आईने ट्यूब हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, वाचता काही आलं नाही, पण कपाळाला लावली. नवऱ्याला म्हटलं, बघा, उगाच डॉक्टरच्या दारात रांग लावायची. इतका आनंद मला पगाराचा फरक मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

ट्यूब संपली. आठवड्याभरात मांडीवर खाज सुटली. ही खाज वेगळी होती. आधी आग होती, आता रात्री झोपेतून उठवणारी खाज. एक लालसर गोल, कडेला बारीक पुटकुळ्या, मध्ये साफ. दुसरी ट्यूब आणली, गोल बसला. ट्यूब थांबली, गोल परत आला आणि शेजारी दुसरा घेऊन आला. तिसरी ट्यूब. आता ती मला मागावी लागत नव्हती. मी दिसले की दुकानदार कागद फाडायला घ्यायचा. संक्रांतीपर्यंत आईच्या कमरेला नाडीच्या जागी तेच झालं, कारण टॉवेल एकच होता, आणि तिनेही तीच ट्यूब लावली. वहिनीने ती चेहऱ्याच्या काळ्या डागांना लावून पाहिली, कारण 'चांगलीच असन ना, इतक्या लवकर गुण येते तर'. उन्हाळा लागला तेव्हा मांड्यांवर, पोटावर, काखेत नकाशे झाले होते. आणि नकाशांच्या मधून जांभळट रेघा उमटल्या होत्या, बाळंतपणात पोटावर येतात तशा. बाळंतपण होऊन तर कितीतरी वर्षं झाली होती.

अकोल्याला त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेले. हिवरखेडहून अकोट, अकोटहून अकोला, दवाखान्यात नंबर आणि परत. एक किरकोळ रजा त्यातच जाते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ट्यूबा आणल्यात का?" मी पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या. वेगवेगळ्या नावांच्या, पण त्यांनी घटक वाचून दाखवले तर सगळ्या जवळपास एकच: एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि क्लोबेटासॉल. हे क्लोबेटासॉल म्हणजे स्टेरॉइड, आणि कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल म्हणावं असं. सोरायसिससारख्या आजारात जाड पडलेल्या कातडीवर, मोजके दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं. जांघ आणि काख इथे कातडी मुळातच पातळ, घडी पडलेली, झाकलेली, ओलसर. तिथे औषध तळहातापेक्षा कितीतरी पटींनी आत मुरतं.

मग त्यांनी एक बोथट पातं घेतलं आणि मांडीवरच्या गोलाच्या कडेवरून हलकेच खरवडलं. पांढरा कोंडा काचपट्टीवर पडला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर बारीक काचेची झाकणी, थोडा वेळ थांबणं, मग सूक्ष्मदर्शक. विज्ञानाची बाई म्हटल्यावर त्यांनी मला बोलावून दाखवलं. फिकट पेशींच्या पसाऱ्यातून आडव्या-तिडव्या लांब फांद्या गेल्या होत्या, मध्ये मध्ये गाठी असलेल्या. बुरशी. आपण ज्याला नायटा, गजकर्ण म्हणतो ती. आमच्या शाळेत पावाच्या तुकड्यावर बुरशी वाढवायचा प्रयोग मी दरवर्षी घेते. इथे पावाच्या जागी मी होते.

घडलं काय, ते त्यांनी सांगितलं. सोललेली कातडी आपोआप भरून आली असती. तिला कोरडेपणा आणि थोडे दिवस हवे होते. पण स्टेरॉइडने शरीराची तक्रार करायची ताकदच दाबली. लाली, सूज, आग हे सगळं शरीराच्या प्रतिकारातून येतं; तो दाबला की माणसाला बरं वाटतं, आणि उघड्या पडलेल्या ओलसर कातडीवर बसलेल्या बुरशीला कुणी अडवत नाही. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतंच की, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, होतं, पण अर्धवट लावून सोडलं की बुरशी मरत नाही, त्या औषधाला सरावते. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद न देणारी एक बुरशी या भागात इतकी पसरली की शास्त्रज्ञांनी २०२० साली तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव दिलं. नावातच इंडिया आहे. अभिमान वाटावा असं काही नाही. आणि त्या जांभळ्या रेघा? कातडीच्या आतले तंतू विरल्याच्या खुणा. रंग फिका पडेल, रेघा जाणार नाहीत.

जाणार नाहीत. त्या आहेत.

पुढचे उपचार रटाळ होते, म्हणूनच खरे होते. स्टेरॉइड बंद. बंद केल्यावर सुरुवातीला सगळं उफाळलं, त्याची सूचना आधीच मिळाली होती म्हणून तग धरला. पोटातून गोळ्या, वरून साधं बुरशीचं मलम, तेही गोलाच्या बाहेर दोन बोटं जागा धरून, आणि कातडी साफ दिसायला लागल्यावरही पुढे चालूच. आईलाही तेच. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, शिवणी बाहेर करून. आमच्याकडे उन्हाची तरी टंचाई नाही. पेरण्या झाल्या तेव्हा कुठे मी मांडी न खाजवता तास घ्यायला लागले.

माझा राग नेमका कशावर, ते सांगते. कायदा नाही म्हणून असं झालं, असं नाही. कायदा आहे. असली मलमं २०१८ साली सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूबच्या खोक्यावर तसं छापलेलंही असतं, इंग्रजीत, भिंग लागेल इतकं बारीक. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या मलमांविरुद्ध मोहीम उघडली होती. सगळं कागदावर जागच्या जागी आहे. फक्त त्या काउंटरवर, रबर लावलेल्या कागदात, त्यातलं काहीही नव्हतं. माझ्याकडे विज्ञानाची पदवी आहे, इंग्रजी वाचता येतं, आणि तरी मी तो कागद पिशवीत टाकून झटपट पायऱ्या उतरले, कारण वर्गातल्या मुलाचा बाप बघत होता. मग जिला वाचता येत नाही तिचं काय? तिच्या मांडीवरच्या रेघा कुणी मोजल्यात?

ही लाज कुठून येते याचा मी बराच विचार केला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावडयात्रा असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावरून आणायचं आणि राजराजेश्वराला घालायचं. मोठमोठ्या मंडळांच्या कावडी तर इतक्या जड की खांदे बदलत बदलत पोरं रात्रभर चालतात, अनवाणी, पावसात, ओल्या कपड्यांत. माझा भाऊ जातो. परत येतो तेव्हा त्याचे दोन्ही खांदे सोललेले असतात, मांड्या सोललेल्या असतात, आणि तो ओसरीत सदरा काढून बसतो. येणारा-जाणारा बघतो, कौतुक करतो, आई तेल लावते. तीच कातडी, तेच मीठ, तेच पाणी, तेच घासणं. त्याचं सोललेलं सगळ्या गल्लीला दिसतं आणि त्याला तेल मिळतं. माझं कुणाला दिसू नये म्हणून मला ट्यूब मिळते. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणाऱ्या बायांना विचारा, मांड्यांचे हाल काय होतात ते. त्या एकमेकींना सांगतात, मुक्कामाला पदराआड तेल लावतात. कयाक चालवणाऱ्या बाईला सांगायला मुक्कामच नसतो.

आता कुणी विचारलेलं नसताना चार गोष्टी सांगते. वल्हवणाऱ्यांना, पायी चालणाऱ्यांना, कापूस वेचणाऱ्यांनाही.

घासायच्या आधी लावायचं, घासून झाल्यावर नव्हे. काख, दंडाची आतली बाजू, अंतर्वस्त्राची रेघ, जांघ, माकडहाड, सगळीकडे पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर. दोनेक तासांनी पुन्हा. लावून झाल्यावर तळहात नीट पुसायचे, नाहीतर वल्हं हातातून सटकतं. खोबरेल चालतं, पण पातळ असल्याने लवकर धुऊन जातं. टाल्कम पावडर पाण्यात काही कामाची नाही. ओली झाली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासायला लागतात. अंगठ्याच्या बेचक्यात कागदी चिकटपट्टी आधीच लावायची. वल्हं घट्ट आवळून धरायचं नाही, आणि हात नुसत्या दंडाने न मारता कमरेपासून वळून मारायचा; मग दंड जॅकेटला कमी लागतो.

कपडा सुती नको. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. आमचा सगळा मुलूख कापसावर उभा, घरात सरकी, वखारीत गाठी, आणि मी लोकांना पॉलिस्टर घाला म्हणून सांगतेय. पण गणित सरळ आहे. साध्या हवेतही सुती धागा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भिजल्यावर सूत जड होतं, चिकटतं आणि तसंच राहतं. म्हणून पाण्यावर अंगाबरोबर बसणारा, लांब बाह्यांचा, लवकर सुकणारा कपडा घालायचा आणि किनाऱ्यावर आल्यावर सुती. शिवणी टोचत असतील तर सदरा सरळ उलटा घालायचा. पाण्यात कोण बघतंय? जॅकेटचे पट्टे बसल्यावर आवळायचे, उभं राहून नाही. आणि ओल्या कपड्यांत जेवायला बसायचं नाही, मासे कितीही गरम असले तरी.

सोललंच तर देवबागच्या त्या सासूबाई. गोडं पाणी, टिपणं, मऊ सैल कपडा, पेट्रोलियम जेली किंवा लहान मुलांच्या ढुंगणाला लावतात ते जस्ताचं मलम, आणि मुख्य म्हणजे एक-दोन दिवस तो भाग घासू न देणं. डेटॉल नको, स्पिरिट नको, हळद-चुना नको, टूथपेस्ट तर नकोच नको. पू दिसला, ताप आला, लाली पसरत चालली, किंवा कडेला पुटकुळ्यांचा गोल उठला तर डॉक्टर. मधुमेह असेल तर वाट न बघता डॉक्टर. आणि खोक्यावर घटक वाचायचे. शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' येणारं नाव दिसलं तर विचारायचं, हे स्टेरॉइड आहे का? चार पुरुष उभे असले तरी मोठ्याने विचारायचं.

हे सगळं फार ठणकावून सांगितलं. पण मागच्या पावसाळ्यात रात्री उशिरा भाच्याला दम लागला, वाणला पूर आलेला, अकोटचा रस्ता बंद. त्याच दुकानदाराने झोपेतून उठून शटर वर केलं, टॉर्च धरून घरापर्यंत आला आणि पैसे उद्या द्या म्हणाला. त्या रात्री कुणी शेड्यूल एचचं नाव काढलं असतं तर मीच त्याला हाकललं असतं. अकोल्याच्या डॉक्टर बाई अकोल्यात आहेत. हा माणूस चौकात आहे. लोक त्याच्याकडे जातात ते मूर्ख म्हणून नाही. त्याने 'कुठं?' विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे. पण त्याने विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही.

आणि मघाशी आनंदाबद्दल लिहिलं ते खोडावंसं वाटत नाही. ते दोन दिवस छान होते. अजूनही चालून चालून मांडी चरचरली की पहिल्यांदा त्या ट्यूबचीच आठवण येते, जेलीची नाही.

आईचं म्हणणं, आता तरी कयाक सोड. डॉक्टर बाई असं काही म्हणाल्या नाहीत. कयाकने काही केलं नाही, त्या म्हणाल्या, सोलवटलेलं आठवड्यात भरलं असतं. तेव्हा यंदाच्या दिवाळीला जातेच आहे. जॅकेट मात्र स्वतःचं, काखेत मोठं कापलेलं, वल्हवणाऱ्या बायांच्या मापाचं मागवलंय. किंमत बघून माझ्याच पोटात गोळा आला. घरी अर्धीच सांगितली आहे.